आधी वाट मोजा, मग बँडसॉचा भाव करा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

घरच्या घरी सुतारकाम करणाऱ्या हौशी मंडळींवरचा आपल्या रविवार पुरवणीतला लेख वाचला. फर्निचरचे जुने कारखाने बंद होताहेत, त्यांचे बिडाचे बँडसॉ (एकावर एक असलेल्या दोन चाकांवरून फिरणाऱ्या अखंड पात्याच्या करवती) भंगाराच्या भावात निघतात आणि असं एक यंत्र दारात आलं की आयुष्यभराची सोय होते, इथवर लेख पटला. पुढचं वाक्य मात्र घशाखाली उतरलं नाही: ‘चार माणसं आणि एक टेम्पो केला की काम झालं.’ बोटं चेचतात, बीड तडकतं, लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकते, ती याच वाक्यापायी. म्हणून हे थोडं लांबलेलं पत्र.

बँडसॉ चाकाच्या व्यासावरून ओळखतात. १४ इंची यंत्र स्टँडसकट शंभर-सव्वाशे किलोचं असतं. पत्र्याच्या पेटीबांधणीचं १८ इंची दोनशेच्या आसपास, २४ इंची बिडाचं चारशे ते सहाशे, आणि ३६ इंची जुनं धूड टनाला भिडतं. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९६७ च्या शिफारशीत एका प्रौढ पुरुषाने हाताने वाहायच्या ओझ्याची कमाल मर्यादा ५५ किलो धरली आहे. म्हणजे चौघांचे २२० किलो, आणि तेही चौघांना सारखी पकड मिळाली तर. बँडसॉला धड पकडायला जागाच नसते. एका अंगाला गुळगुळीत कणा, दुसऱ्या अंगाला फिरणारी चाकं, मध्ये टेबल, आणि टेबल हे धरायचं ठिकाण नव्हे. त्यामुळे प्रत्यक्षात सगळा भार दोघांवर येतो. १४ इंचीला चार माणसं पुरतात, १८ इंचीला सपाट जमिनीवर जेमतेम. त्यापुढे माणसं मोजणं हा हिशेबच चुकीचा. तिथे काम करते ती चेन कुप्पी (साखळी ओढून ओझं उचलायची कप्पी), पाइप आणि पहार; माणसं फक्त दिशा द्यायला.

वजन विकणाऱ्याला विचारू नका. ‘असेल तीनशे-साडेतीनशे’ हे उत्तर ठरलेलं आहे. मोटर आणि टेबल सोडून सांगितलेलं वजन हे वजन नव्हे. टेम्पो भरण्याआधी आणि भरल्यावर वजनकाट्यावर न्यावा, पावती घ्यावी. दहा-वीस किलोंचा फरक पडला तरी चालतो, शंभरचा पडायला नको. पण हे झालं उचलल्यानंतर. भाव ठरवण्याआधी चाकाचा व्यास, बांधणी पत्र्याची की बिडाची, आणि टेबलाची जाडी बघून वरच्या आकड्यांत यंत्र कुठे बसतं ते ठरवावं आणि नेहमी वरचा आकडा धरावा.

आता वाट. ती उलटी मोजायची: यंत्र जिथे उभं राहणार त्या कोपऱ्यापासून रस्त्यापर्यंत. दाराची रुंदी चौकटीच्या आतून आणि दार उघडल्यावर फळी जेवढी जागा खाते ती वजा करून. १८ इंची यंत्र सहा फुटांच्या आसपास उंच असतं, खाली लाकडी घसरण आणि रोलर आले की आणखी सहा-सात इंच. साडेसहा फुटी दाराखाली ते अडू शकतं, आणि उंची मोजताना वरच्या चाकाचा ताणस्क्रू (पातं ताणायचा स्क्रू) आणि त्याची मूठ हमखास विसरली जाते. वळण मोजताना फूटपट्टी पुरत नाही. यंत्राच्या पायाचा आणि सर्वांत रुंद भागाचा पुठ्ठ्याचा साचा खऱ्या मापात कापा आणि तो घेऊन वाटेने चाला. बोळातल्या कोपऱ्यावर साचा अडला तर यंत्रही अडणार. फरक इतकाच की साचा दुमडतो.

मुंबईच्या सोसायट्यांच्या आवारात आणखी एक गोष्ट बघावी लागते, जिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. पाण्याची जमिनीखालची टाकी. हायड्रा क्रेन आत बोलावली तर तिचं स्वतःचंच वजन दहा टनांच्या घरात, आणि टाकीवरचा स्लॅब फार तर गाड्या उभ्या करण्याच्या हिशेबाने घातलेला. गटाराच्या झाकणांचीही तीच गत. टाकी कुठून कुठे पसरली आहे ते सेक्रेटरीकडून समजून घ्या आणि जमिनीवर खडूने आखा. क्रेन त्या रेघेच्या बाहेर उभी राहिली पाहिजे. हात पोचत नसेल तर क्रेनचा विचार सोडून द्यावा.

लिफ्टचा मोह सर्वांत वाईट. पाटीवर ‘६ माणसं, ४०८ किलो’ लिहिलेलं असतं, माणशी ६८ किलो धरून. तीनशे किलोचं यंत्र आणि सोबत तीन हमाल म्हणजे ५०४ किलो झाले. आठ माणसांच्या, ५४४ किलोच्या लिफ्टमध्ये हा हिशेब कागदावर बसतो, पण यंत्र उंबऱ्यावरून आत ढकलताना सगळा भार एका कडेवर येतो, पाळणा थोडा खाली दबतो, रोलर फटीत अडकतो, आणि वरचा डोलारा दाराकडे झुकतो. माणसांची लिफ्ट अवजड यंत्रासाठी नाही, एवढं पुरे. लाकडी जिन्याच्या चाळीत तर प्रश्नच येत नाही.

वरच्या मजल्यावर बिडाचा बँडसॉ चढवू नये असं आमचं स्पष्ट मत आहे. भारतीय मानक ८७५ च्या दुसऱ्या भागात राहत्या खोलीच्या जमिनीला चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे २०० किलो भार धरलेला आहे. ४५० किलोचं यंत्र ६० बाय ७५ सेंटिमीटरच्या पायावर उभं राहिलं की चौरस मीटरला हजार किलो झाले, पाचपट. भार पसरवता येतो, हे खरं. पण त्यावर चालत्या यंत्राची थरथर आणि खालच्या बिऱ्हाडाचे कान यांचं काय करणार? बाल्कनीला मानकात ३ किलोन्यूटन आहेत म्हणून कुणी यंत्र तिथे ठेवायला निघेल, तर बाल्कनी एका बाजूने लोंबकळलेली असते हे विसरू नये. तळमजल्याची खोली, गावठाणातल्या घराची पडवी, बंगल्याचं गॅरेज, नाहीतर भाड्याचा गाळा. हे यंत्र इथलं आहे.

वाट जुळली, तरच यंत्र बघायला जावं. जाताना स्वतःचं नवं पातं आणि स्वतःचं लाकूड घेऊन जा: सहा इंच उंचीचा सागाचा किंवा बाभळीचा तुकडा. बोथट पात्याने कापून दाखवलं की सगळे दोष ‘पात्यामुळे’ म्हणून खपवता येतात, आणि मऊ पाइनची फळी तर कशानेही कापते. पात्याची लांबी आधी काढून ठेवावी लागेल. दोन्ही चाकं सारखी असतील तर व्यास गुणिले ३.१४, अधिक दोन्ही चाकांच्या मध्यबिंदूंमधल्या अंतराची दुप्पट. वरचं चाक आपल्या सरकण्याच्या मध्यावर ठेवून मोजायचं. ४५७ मिलिमीटरची चाकं आणि १००० मिलिमीटर अंतर असेल तर १४३६ अधिक २०००, म्हणजे ३४३६ मिलिमीटर. जाडीचा जुना नियम: चाकाच्या व्यासाचा हजारावा भाग. ४५० मिलिमीटरच्या चाकाला अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासचं पातं. त्याहून जाड घातलं की प्रत्येक फेऱ्यात दोनदा वाकून ते दातांच्या बुडाशी तडकतं, आणि दोष वेल्डिंगवाल्याच्या माथी बसतो.

वीज बंद करून आधी हाताने तपासा. चाक वर आणि खाली धरून पुढे-मागे हलवा. खडखडलं तर बेअरिंग गेलं. हा काही मोठा दोष नाही. ६२०५ किंवा ६२०६ नंबरची बेअरिंगं नागदेवी स्ट्रीटला कुठेही मिळतात. भुशात चालायची असल्याने दोन्ही बाजूंना रबरी सील असलेली घ्यावीत, पत्र्याच्या झाकणाची नकोत. चाकावरचं रबर भेगाळलेलं असेल तर तेही नवं चढतं. पट्टा, स्टार्टर, मोटर ही सगळी पैशाने मिळणारी माणसं. न मिळणारी तीन: बीड, शाफ्ट आणि वरच्या चाकाची सरक. चाक हाताने फिरवून त्याच्या कडेशी पेन्सिल टेकवून धरा. कडा पेन्सिलीपासून एक मिलिमीटरहून जास्त दूर-जवळ होत असेल तर चाक तरी वाकडं आहे किंवा शाफ्ट तरी; शाफ्ट वाकतो तो बहुतेक वेळा कुणीतरी यंत्र वरच्या चाकाला दोर बांधून उचलल्यामुळे. मग ताणस्क्रू पूर्ण खाली-वर फिरवून बघा. मध्येच अडला किंवा स्प्रिंगची वेटोळी एकमेकांना चिकटलेली दिसली तर भाव उतरवा. पात्याला सरळ धरणाऱ्या गाइडचा खांब वर-खाली करून गुण्या लावा. वर सरळ आणि खाली तिरका असेल तर जाड लाकूड चिरताना दरवेळी गाइड नव्याने जुळवत बसावं लागेल.

बिडाची तपासणी नीट करायची. ताजा रंग दिसला की सावध व्हा. ‘आत्ताच ओव्हरहॉल केलंय’ हे वाक्य बऱ्याचदा रंगापुरतं खरं असतं. लहान हातोडीने सांगाड्यावर ठिकठिकाणी हलकेच टिचक्या मारा. अखंड बीड घंटेसारखं वाजतं, तडकलेलं मडक्यासारखं बद्द. शंका आली तिथला रंग खरवडा, चिंधीने रॉकेल चोपडा, दहा मिनिटं थांबा, मग कोरडं पुसून त्यावर खडूची पूड दाबा. तडा असेल तर आत शिरलेलं रॉकेल पुडीतून वर येतं आणि पांढऱ्यावर केसासारखी एक ओली रेघ उमटते. ही रेघ शोधायच्या जागा चार: कणा वरच्या हाताला मिळतो ती मान, टेबल तिरकं करायचा अर्धगोल ठोकळा, वरच्या चाकाचा ब्रॅकेट, आणि फाउंडेशन बोल्टच्या भोकाजवळचा पाय. पायाचा तडा पट्टी मारून निभावतो. मानेला रेघ दिसली तर नमस्कार करून निघावं. बीड वेल्ड करून देणारे आहेत, पण ताण पडणाऱ्या मानेवर तो सांधा पात्याच्या ताणाखाली किती दिवस टिकेल याची हमी कुणी देत नाही.

जुन्या बाजारात आणखी एक फसगत होते. लोखंड कापायचा उभा बँडसॉ दिसायला लाकडाच्या बँडसॉसारखाच. फरक वेगात असतो. लाकडाला पातं मिनिटाला ९०० ते १२०० मीटर धावायला हवं, लोखंडाला २० ते ८०. मोटरचे फेरे, मोटरची पुली भागिले चाकाची पुली, आणि चाकाचा परीघ यांचा गुणाकार करा. १४४० फेऱ्यांची मोटर, दोनास एक पुली आणि १८ इंची चाक म्हणजे ७२० गुणिले १.४३६, मिनिटाला सुमारे १०३४ मीटर. हे लाकडाचं यंत्र. पुलीच्या जागी गिअरपेटी दिसली तर आधी विचारा, मग खिशात हात घाला.

आता हलवणं. बँडसॉ वरून जड आणि खालून अरुंद असतो, त्यामुळे पडायला त्याला निमित्त लागत नाही. पहिलं काम: डोलारा हलका करणं. पात्याचा ताण सोडून पातं काढा. फेन्स (लाकूड टेकवायची पट्टी), टेबल, मोटर, दारं काढा. १८ इंचीचं नुसतं टेबल ३०-४० किलो भरतं. २४ इंचीपासून वरचं चाकही उतरवावं. चाकाचा नट कधी उलट्या आट्याचा असतो, तेव्हा पान्यावर पाइप चढवण्याआधी आटे डोळ्यांनी बघा. जुन्या यंत्रांत व्हिटवर्थ, म्हणजे जुन्या इंची मापाचे, आटे भेटतात. अर्धा इंची बोल्टाच्या जागी १२ मिलिमीटरचा बोल्ट दोन फेरे जातो आणि तिसऱ्याला आटे खातो. म्हणून प्रत्येक बोल्ट काढला की त्याच भोकात सैल लावून ठेवावा. टेबलाखाली पत्र्याच्या शिमा असतात; कुठल्या बोल्टाखाली किती, ते मोबाइलवर टिपून घ्या. वायरिंगचेही फोटो घ्या. शिमा हरवलेलं टेबल पुन्हा काटकोनात आणायला पुरा दिवस जातो.

सांगाड्याखाली लाकडी घसरण बांधावी: चार इंची चौकोनी दोन ओंडके, पायाच्या रुंदीपेक्षा दोन्ही बाजूंना निदान आठ-आठ इंच बाहेर, मध्ये दोन आडवे, आणि यंत्राच्या फाउंडेशनच्या भोकांतून आरपार बोल्ट. पाय आता रुंद झाला. इथून पुढे यंत्र पाडायला मुद्दाम प्रयत्न करावा लागेल. सरकवायला दोन इंची पाइपचे हातभर लांब पाच तुकडे पुरतात. एक इंची पाइप शहाबादी फरशीच्या प्रत्येक सांध्यात अडकतो. फरशीवर आधी १२ मिलिमीटर प्लाय अंथरा, नाहीतर पाइपाच्या रेघेत फरशी तडकेल. मागून सुटलेला पाइप पुढे आणताना तो बाहेरून तळहाताने ढकलायचा, टोकात बोट घालून ओढायचा नाही. वळायचं असेल तर पुढचा पाइप हातोडीने तिरका करा, घसरण त्याच्यामागे वळते.

टेम्पो छोटा हत्ती असेल तर त्याची फळी जमिनीपासून सव्वादोन-अडीच फुटांवर येते. चारास एक उतार ठेवायचा तर दहा फुटी फळ्या लागतात; परांचीच्या पातळ फळ्या चालणार नाहीत, दोन इंच जाडीच्या हव्यात आणि खाली मध्यावर टेकू हवा. या उतारावर तीनशे किलोचं यंत्र ७०-७५ किलोच्या ओढीने खाली येऊ बघतं. ती ओढ दोराने धरायची, आणि दोराला टेम्पोच्या चासीचा किंवा एखाद्या भक्कम खांबाचा दोनदा वेढा द्यायचा. खालच्या बाजूला कुणीही उभं राहायचं नाही, ‘जरा हात लावतो’ म्हणणाऱ्याने तर मुळीच नाही.

चेन कुप्पी लावायची तर एक टनाची पुरेशी आहे. ती टांगायची कशाला हा खरा प्रश्न. पंख्याच्या हुकाला नाही. जाड पाइपची तिपाई, किंवा गॅरेजवाल्यांकडची इंजिन उचलायची चाकांची क्रेन. या क्रेनचा हात जितका लांब काढाल तितकी तिची ताकद घटते. हाताच्या प्रत्येक भोकाशी आकडा लिहिलेला असतो, पहिल्या भोकाचा एक टन वाचून शेवटच्या भोकाला यंत्र लावू नये. कापडी बेल्ट जांभळा असेल तर एक टनाचा, हिरवा दोन टनांचा. बेल्ट वरच्या हाताखालून, कण्याला चिकटून घ्या. टेबलाच्या ठोकळ्याला, गाइडच्या खांबाला किंवा चाकाला कधीच नाही. बिडाच्या धारेवर बेल्ट टेकतो तिथे जुन्या टायरचा तुकडा घाला. मग फक्त दोन इंच उचला आणि थांबा. यंत्र कुठे झुकतं ते बघा. साखळीचा आवाज थांबेपर्यंत कुणी बोलू नये, कुणी हात लावू नये. झुकलं तर परत खाली ठेवा, बेल्ट कण्याकडे बोटभर सरकवा, पुन्हा दोन इंच. तीन-चार वेळा हे करावं लागतं. कंटाळून ‘चालेल’ म्हटलं की हवेत गेल्यावर ते गिरकी घेतं.

टेम्पोत यंत्र उभं नेऊ नये. कण्यावर आडवं करावं, टेबलाच्या अंगावर नव्हे, आणि खाली तीन इंची चौकोनी दांडे देऊन मध्ये जुनी गादी घालावी. चार रॅचेट बेल्ट, दोन पुढे दोन मागे, उलटसुलट ओढलेले. चाक यंत्रावरच राहिलं असेल तर त्याच्याखाली पाचर द्या. खड्ड्यांत आपटून बेअरिंगच्या कड्यांवर बारीक खळगे पडतात आणि मग घरी आणलेलं ‘मुकाट चालणारं’ यंत्र घरघरायला लागतं. जून ते सप्टेंबर ही कामं टाळावीत. ओली फळी, ओला पाइप आणि चिखलाचं आवार हे तिन्ही एकाच दिवशी नकोत.

विजेचा विचार घेण्याआधीचा आहे, पण सगळे तो नंतर करतात. ३ अश्वशक्तीची मोटर थ्री-फेजवर साडेचार-पाच अँपिअर घेते. तीच ताकद सिंगल-फेजवर पंधराच्या पुढे, आणि सुरू होताना क्षणभर त्याच्या पाच-सात पट. घरातल्या १६ अँपिअरच्या सॉकेटला दीड-दोन अश्वशक्तीपलीकडे जाऊ नये. मुंबईत वीज बेस्टची असो, अदानी-टाटांची असो की भांडुप-मुलुंडला महावितरणची, थ्री-फेजसाठी मंजूर भार वाढवून घ्यावा लागतो. दुसरा रस्ता व्हीएफडी या इलेक्ट्रॉनिक पेटीचा: आत सिंगल-फेज २३० व्होल्ट, बाहेर थ्री-फेज २३० व्होल्ट. आपल्याकडच्या ३ अश्वशक्तीपर्यंतच्या बहुतेक मोटारी ४१५ व्होल्टला स्टारमध्ये (मोटरची वेटोळी जोडायच्या दोन पद्धतींपैकी एक; दुसरी डेल्टा) जोडलेल्या असतात. व्हीएफडीवर त्या डेल्टात जोडाव्या लागतात. त्यासाठी मोटरच्या डबीत सहा टोकं बाहेर आलेली हवीत. तीनच दिसली तर वाइंडरकडून बाकीची काढून घ्यावी लागतात. स्टारमध्येच व्हीएफडी लावली की मोटर फिरते, पण लाकडाला टेकताच दम टाकते, आणि दोष व्हीएफडीवर जातो. लाइन मुख्य बोर्डापासून स्वतंत्र, ४ चौरस मिलिमीटर तांब्याची, अर्थिंग पक्कं. व्हीएफडी नसेल तर स्टार्टर असा हवा की वीज जाऊन आली तरी यंत्र आपोआप सुरू होणार नाही.

बसवताना पाणसळीपेक्षा चारही पाय टेकणं महत्त्वाचं. एक पाय अधांतरी ठेवून बोल्ट आवळला की सांगाडा पिळतो आणि दोन्ही चाकं एका पातळीत राहत नाहीत. खाली जाड रबराचे पॅड, फटीत पत्र्याची शिम. लग्नपत्रिकेचा पुठ्ठा नको, तो पावसाळ्यात फुगतो. मग सरळ पट्टी किंवा ताणलेला दोरा दोन्ही चाकांच्या कडांना टेकवून बघा, आणि पहिल्या आठ-दहा तासांच्या कामानंतर पट्टा व बोल्ट पुन्हा आवळा.

भुशाचं हसू करू नये. कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने लाकडाची धूळ १९९५ मध्ये पहिल्या, म्हणजे निश्चित कर्करोगकारक गटात टाकली. खालच्या चाकाच्या पेटीला चार इंची नळी आणि धूळ ओढणारा पंखा हा यंत्राच्याच खर्चात धरा. आवाजाची मर्यादा २००० च्या नियमांनुसार राहत्या भागात दिवसा ५५ आणि रात्री दहानंतर ४५ डेसिबल आहे. सॉ मिलला वनखात्याचा परवाना लागतो, तेव्हा मोठ्या चाकाचं यंत्र सॉ मिलमधून उचलत असाल तर आपल्या भागाच्या वनविभाग कार्यालयात आधी लेखी विचारा आणि उत्तर व खरेदीची पावती एकत्र ठेवा.

राहता राहिले हमाल. महाराष्ट्रात १९६९ पासून माथाडी कायदा आहे आणि बाजारातल्या टोळ्यांचे दर आणि जागा ठरलेल्या असतात. यंत्र उचलण्याच्या आदल्या दिवशी मुकादमाशी बोलावं, टेम्पो दारात उभा करून नाही. मुकादमाला खरं वजन सांगावं. ‘हलकंच आहे’ म्हणून चार माणसांत काम काढलं की वाचतात ते हमालीचे पैसे, जातं ते कुणाचं तरी बोट, आणि त्या बोटावर एक घर चालत असतं. क्रेनचं भाडं जड वाटत असेल तर ते यंत्राच्या भावात धरा. तरीही नव्या यंत्रापेक्षा स्वस्त पडत असेल तरच व्यवहार करा.

जुनी यंत्रं विकणाऱ्यांना एक विनंती: सांगाड्यावर ऑइलपेंटने वजन लिहा, मोटर-टेबलसकट आणि त्यांच्याशिवाय, दोन्ही. सोसायट्यांनीही अवजड सामानाच्या परवानगीच्या अर्जात वजन, पायाचं माप आणि वाट हे तीन रकाने घालावेत आणि टाकीचा नकाशा नोटीस बोर्डावर लावावा. आणि आपल्या लेखासोबतच्या चौकटीत यंत्राची किंमत, चाकाचा व्यास, मोटर, कापायची उंची असं सगळं होतं, वजन तेवढं नव्हतं. पुढच्या रविवारी ते छापावं.

आपले,
यंत्रं बसवण्या-हलवण्याचं काम करणारे दोन वाचक,
जोगेश्वरी, मुंबई